अकरा फेब्रुवारीची काच

"शाई सगळी काढायची, लाइपोल्डबाई. एकूण एक खूण. यंत्राला काच कोरी लागते," योर्डिस म्हणाली आणि वर गोड हसली.

योर्डिस पोट्सडामहून आलेली, वय एकोणतीस, सोबत एक भलामोठा स्कॅनर आणि दोन संगणक. आमच्या टेकडीवरच्या वेधशाळेतल्या दुर्बिणी बंद पडून दहा वर्षं झाली होती, पण तळघरात आकाशाच्या फोटोंच्या काचा होत्या, चाळीस हजारांच्या वर. त्या सगळ्या संगणकात उतरवायच्या असं वर कुठेतरी ठरलं होतं. काचेची कुठली बाजू पुसायची आणि कुठल्या बाजूला बोटही लावायचं नाही, हे डोळे मिटून सांगू शकेल असं माणूस गावात एकच उरलं होतं. रोस्विता लाइपोल्ड, वय सहासष्ट, निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली, राहणार चर्चच्या मागच्या गल्लीत, एकटी.

"सगळी?" तिनं विचारलं.

"सगळी. आधी प्रत्येक काचेचा साधा फोटो काढून ठेवू, म्हणजे कुणी काय लिहिलं होतं त्याची नोंद राहील. मग ब्लेड, स्पिरिट, की झालं."

"डॉक्टर त्सांगरांचीसुद्धा?"

"ते वारले ना?"

"एकोणऐंशी साली."

"मग ते काही ओरडायला यायचे नाहीत," योर्डिस म्हणाली.

चाळीस हजार काचांपैकी एकीवर, ११ फेब्रुवारी १९६७च्या काचेवर, तेव्हाचे वेधशाळेचे प्रमुख डॉक्टर त्सांगर यांनी काळ्या शाईनं एक बाण काढला होता. त्या बाणाच्या टोकाखाली एक तारा आहे की नाही हे सदतीस वर्षं रोस्विताला माहीत नव्हतं. ताऱ्याचं सोडा, आकाशात त्यांना काय तोटा. पण तो तारा तिथे असेल तर तेव्हा दुर्बिणीवर असलेल्या लोटार वायगेल्टवर आला तो आळ खोटा, आणि नसेल तर खरा. आणि आळ खोटा असेल, तर एका सरळ माणसाला एकटं पाडणाऱ्यांत रोस्विताही होती. हे तिला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर ती सदतीस वर्षं त्या खोक्यापाशी गेली नव्हती.

"कुठून सुरू करायचं?" योर्डिसनं विचारलं.

"ओळीनं. अठ्ठावन्नपासून," रोस्विता म्हणाली. सरळ सदुसष्टचं खोकं काढलं असतं तर कुणी अडवणार नव्हतं. पण ओळीनं म्हटलं की तीन आठवडे तरी मिळत होते.

रोस्विताची आई बाहुल्यांच्या चेहऱ्यांवर कुंचल्यानं पापण्या काढायची. आमच्या डोंगरात तेव्हा अर्ध्या घरांत हाच धंदा. कुणी बाहुल्यांना केस लावायचं, कुणी कपडे शिवायचं, कुणी काचेचे डोळे फुंकायचं. पापण्या काढणाऱ्या बायका सगळ्यांत हुशार समजल्या जायच्या, आणि त्यांना तसं समजायला आवडायचंही. वर बारा, खाली आठ, सगळ्या सारख्या. रोस्विता आठव्या वर्षापासून आईच्या शेजारी बसून खालच्या आठ काढायची. सतरा वर्षांची झाली तेव्हा वेधशाळेला स्थिर हाताची मुलगी हवी होती. डॉक्टर त्सांगरांनी तिच्यापुढे एक काच ठेवली, बोरू दिला, आणि म्हणाले, या ठिपक्याच्या शेजारी ठिपका काढ, चिकटता कामा नये. तिनं एका ठिपक्याभोवती सहा काढले. डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं, मान हलवली, आणि म्हणाले, "सोमवारी आठ वाजता."

त्या सोमवारपासून पुढची त्रेचाळीस वर्षं तिनं आकाशाचा एकच तुकडा पाहिला. मृग नक्षत्रातले ते तीन तारे ओळीनं दिसतात ना, त्यांच्या खाली नुसत्या डोळ्यांना एक अंधुक डाग दिसतो, तो. तिथे धुळीचे आणि वायूचे ढग आहेत, आणि त्या ढगांत तारे जन्माला येतात; एकेकटे नाही, घोळक्यानं. काचेवर सगळं उलटं असतं. आकाश पांढरं, तारे काळे, आणि तेजोमेघ म्हणजे थंडीत कुणी खिडकीच्या काचेवर श्वास सोडावा तसा करडा डाग. त्या डागात खसखशीएवढे ठिपके. हे कोवळे तारे. वय दहा-वीस लाख वर्षं, म्हणजे ताऱ्यांच्या मानानं अजून पाळण्यातलेच, आणि वागणंही तसंच. मध्येच एखादा भडकतो, तासाभरात शांत होतो, आणि मग वर्षानुवर्षं तोंड उघडत नाही.

कुठला तारा कधी भडकला हे शोधायचं, हे रोस्विताचं काम. दोन रात्रींच्या दोन काचा यंत्रात शेजारी लावायच्या आणि खटका दाबत एकदा ही, एकदा ती अशी पाहायची. सगळे ठिपके जागच्या जागी राहतात. जो बदलला तो उडी मारतो. मग काचेच्या मागच्या बाजूला हिरव्या शाईनं बारीक आकडा घालायचा. असे त्रेसष्ट तारे तिनं शोधले. ते छापून आले डॉक्टर त्सांगरांच्या नावानं, आणि शेवटी बारीक अक्षरांत कुमारी रो. लाइपोल्ड यांच्या चिकाटीबद्दल आभार. रोस्विताची तक्रार नव्हती. ती नाकासमोर चालणारी. मला विचाराल तर तिनं तक्रार करायला हवी होती, पण मला कोण विचारतं!

एकदा शाळेची मुलं वेधशाळा पाहायला आली होती. एका चुणचुणीत मुलीनं विचारलं, "हे तारे असेच एकत्र राहणार का?"

"नाही," रोस्विता म्हणाली. "ढग विरला की धरून ठेवणारं काही उरत नाही. मग एकेक सुटत जातो. आपला सूर्यही असाच घोळक्यात जन्मला असणार. त्याची भावंडं आता कुठे आहेत ते कुणालाच ठाऊक नाही."

"म्हणजे सूर्य एकटाच?"

"ग्रह आहेत की त्याला! चला, पुढे चला," मुलांच्या शाळेच्या बाई घाईनं म्हणाल्या आणि रोस्विताकडे डोळे वटारून पाहिलं.

लोटार वायगेल्ट रोस्विताच्याच शाळेतला, दोन वर्गांनी पुढे. तो दुर्बिणीवर असायचा. त्या काळी फोटो म्हणजे दोन-दोन, तीन-तीन तास दुर्बिणीच्या भिंगाला डोळा लावून बसायचं, आणि एक तारा भिंगातल्या दोन बारीक तारांच्या फुलीवरून हलू द्यायचा नाही. तो हलला की सगळी काच वाया. लोटार नमद्याचे बूट घालून, पायाखाली गवत पसरून बसायचा. सकाळी धुतलेल्या काचा वाळल्या की त्या घेऊन खाली यायचा आणि घरी झोपायला जायच्या आधी रोस्विताच्या टेबलापाशी उभा राहायचा. ती डब्यातला अर्धा पाव त्याला द्यायची. "लोणी कमी लावलंस आज," असं तो रोज म्हणायचा. ती रोज तेवढंच लावायची.

सहासष्टच्या ऑक्टोबरात गावजत्रेच्या नाचाला दोघं एकत्र गेली. परतताना लोटार म्हणाला, "एप्रिलमध्ये घरांची नवी यादी लागते म्हणतात. नाव घालायचं का?" आमच्याकडे तेव्हा लग्नाचं असंच विचारत. लग्न झाल्याशिवाय फ्लॅट मिळत नसे, म्हणून यादीत नाव घालू म्हटलं की पुढचं सगळं त्यात आलं. रोस्विता म्हणाली, "एप्रिल लांब आहे अजून." पण ती हसत म्हणाली, आणि लोटारला ते पुरलं.

फेब्रुवारीत ते झालं. आमच्या वेधशाळेत प्रत्येक फोटो दोन दुर्बिणींनी एकाच वेळी काढायची पद्धत होती. काचेवर रसायनाचा थेंब वाळला, धूळ बसली, की ताऱ्यासारखाच काळा ठिपका उठतो. म्हणून दोन काचा. दोन्हींवर ठिपका असेल तर तारा, एकीवरच असेल तर डाग. अकरा तारखेच्या पहिल्या काचेवर, ढगाच्या काठावर, जिथे कधी काही नव्हतं तिथे रोस्विताला टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका सापडला. एवढा मोठा भडका तिनं बारा वर्षांत पाहिला नव्हता. तिनं धावत जाऊन दुसरी काच मागितली. ती डॉक्टरांच्या टेबलावर होती, आणि नेमक्या त्याच जागेवर काळा बाण.

डॉक्टर त्सांगरांना त्याच सकाळी त्या काचेवर एक नवा तेजोमेघ सापडला होता, नखभर, धुरकट, त्यांचा स्वतःचा. तो संस्थेच्या वार्षिक अंकात छापायचा म्हणून लोकांना नीट दिसावा असा बाण त्यांनी काढला. बाणाचं टोकच अंगठ्याच्या नखाएवढं. रोस्वितानं ती काच तिरकी धरून पाहिली, उलटी धरून पाहिली. शाई काळी, ठिपकाही असलाच तर काळा, काही दिसेना. पुढे चार वर्षांनी तो तेजोमेघ म्हणजे भिंगातलं नुसतं प्रतिबिंब होतं असं दुसऱ्या कुणीतरी दाखवून दिलं, पण ते चार वर्षांनी.

त्या दिवशी डॉक्टरांनी पहिली काच भिंगाखाली एकदा पाहिली आणि निकाल दिला. "थेंब. वायगेल्टनं काच नीट धुतली नाही." महिन्याभरात त्याच्या दोन काचा आधीच वाया गेलेल्या. काचा मोजून मिळायच्या, आणि कुणावर तरी खापर फोडायला डॉक्टर निमित्तच शोधत होते. नोंदवहीत त्यांनी लिहिलं, काच सदोष, निरीक्षकाचा निष्काळजीपणा. आठवड्याभरात लोटारला दुर्बिणीवरून काढून तळघरात बॉयलरवर पाठवलं.

"पूस ना," लोटार तिला म्हणाला होता, जिन्यात उभं राहून. "स्पिरिटचा बोळा आणि दोन मिनिटं."

"त्यांची शाई आहे, लोटार."

"शाई त्यांची, काच माझी. उणे चौदा अंशांत तीन तास बसलोय मी."

"काच संस्थेची."

"बरं बाई, संस्थेची. पण डाग माझ्या नावावर लागलाय."

वेधशाळेत एक नियम होता, भिंतीवर पुठ्ठ्यावर लिहिलेला. दुसऱ्याची शाई पुसू नये. नियम चांगलाच होता. एकाची खूण दुसऱ्यानं पुसली तर वर्षांचं मोजमाप बिघडतं. रोस्विता काचांची राखणदार, तो पुठ्ठा तिच्याच अक्षरातला. ती डॉक्टरांकडे गेली, विचारायला.

डॉक्टरांनी मानही वर केली नाही. "कुमारी लाइपोल्ड, तुम्हाला इथे तारे मोजायला ठेवलंय की माझे बाण?"

"फक्त टोकापुरतं, डॉक्टरसाहेब. मी तसाच परत काढून देईन."

"त्या काचेचा फोटो छापायला गेलाय. मूळ काचेला हात लावणाऱ्या तुम्ही कोण?"

"माफ करा," ती म्हणाली, आणि बाहेर आली. मार्चमध्ये लोटारनं पुन्हा एकदा सांगितलं, या वेळी हळू आवाजात, जवळजवळ लाडानं. "पूस गं. काही होत नाही. माझं ऐक." तिनं ऐकलं नाही. ती मूग गिळून बसली. काचांच्या खोलीची किल्ली तिच्याजवळ होती, स्पिरिट तिच्या कपाटात होतं, आणि डॉक्टर दर बुधवारी दुपारी गावात नसायचे. एप्रिल आला. यादीचं लोटारनं काढलं नाही, तिनंही काढलं नाही. मग एक दिवस बॉयलरवर दुसराच माणूस होता. लोटार समुद्राकडे गेला, श्ट्रालझुंडला, जहाजांच्या कारखान्यात, असं त्याच्या आईनं बेकरीत कुणाला तरी सांगितलं.

डॉक्टर गेले तेव्हा तिला पुसता आलं असतं. पण तोवर भीती जुनी होऊन घट्ट बसली होती. तारा नसेल तर लोटार खोटा, आणि असेल तर आपण. दोन्हींपैकी काहीही कळून घेण्याची तिची तयारी नव्हती. तिनं खोकं सर्वांत वरच्या फळीवर तसंच राहू दिलं आणि बाकीच्या काचा पाहत राहिली. दुसरं कुणी विचारणारं आलंच नाही असं नाही. एक पोस्टमास्तर होता, दोन वर्षं नाताळला केक आणून द्यायचा. तिनं त्याला कॉफी दिली, आणि केकबद्दल आभार मानले.

रविवारी आमच्याकडे बटाट्याचे गोळे असतात. बटाटा किसायचा, पिळायचा, उकडायचा. एका माणसासाठी हा खटाटोप कुणी करत नाही. रोस्विता करायची. कमीत कमी चार होतात. दोन ती रविवारी खायची आणि दोन सोमवारी काप करून तळायची. तीस वर्षं तिचा सोमवार असाच गेला. याला एकटेपणा म्हणतात हे तिला माहीत होतं, ती ते कुणापासून लपवायचीही नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "एकटी आहे मी, हो. चालतं."

पुसायला लागली तशी पहिले दोन दिवस तिला बरं वाटलं. हाताला काम होतं. मऊ कातडं, कोमट पाणी, हट्टी शाईला ब्लेड. पण तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आपण पुसतोय ते आपलंच आहे. हिरवा सात. हिरवा एकोणीस. एकोणीस तिला एकसष्ट साली सापडला होता, आईच्या मरणानंतरच्या आठवड्यात. बोळा फिरला आणि तो गेला. तारा होता तिथेच होता, नुसता आकडा गेला.

"फोटो आहेत ना आपल्याकडे सगळ्याचे," योर्डिस तिचा चेहरा पाहून म्हणाली.

"आहेत," रोस्विता म्हणाली.

"मग रडू नका हं लाइपोल्डबाई, मला काही सुचत नाही कुणी रडायला लागलं की."

"मी रडत नाहीये. स्पिरिटचा वास डोळ्यांत जातो."

योर्डिसनं खिडकी उघडली. पोरगी वाईट नव्हती, घाईची होती इतकंच.

सदुसष्टचं खोकं तिसऱ्या गुरुवारी टेबलावर आलं. रोस्वितानं जानेवारी पुसला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याच्या पाच काचा पुसल्या. मग ती काच तिच्या हातात आली. बाण होता तसाच होता, काळा, जाड, मिजासखोर. योर्डिस वरच्या मजल्यावर फोनवर कुणाशी तरी भांडत होती. रोस्वितानं काचेची कड खालच्या ओठाला लावली. रसायनाची बाजू ओठाला किंचित चिकटते. दिव्याखाली बसूनही बाजू ओळखायची तिची सवय हीच. मग तिनं बोळा ओला केला आणि टोकावर ठेवला, आणि तिचा हात थांबला. त्या हातानं आयुष्यभर पापणी पापणीला चिकटू दिली नव्हती. मग तिनं बोळा फिरवला.

शाई निघाली. करड्या ढगाच्या काठावर, टाचणीच्या डोक्याएवढा, गोल, कडा स्वच्छ असलेला काळा ठिपका होता.

तिनं पहिली काच काढली, दोन्ही यंत्रात लावल्या, खटका दाबला. ही, ती. ही, ती. ठिपका तसूभरही हलला नाही.

योर्डिस खाली आली तेव्हा ती तशीच खटका दाबत बसली होती. योर्डिसनं वाकून पाहिलं आणि टाळी वाजवली. "अय्या, भडका! आणि दोन्हींवर! लाइपोल्डबाई, हा यादीत नाहीये कुठे. चौसष्टावा तुमचा!" तिनं लगेच संगणकात एक ओळ भरली आणि शोधणाऱ्याच्या रकान्यात रोस्विताचं नाव घातलं. पहिल्यांदाच ते त्या रकान्यात आलं होतं. मग योर्डिस आपल्या कामाला लागली, कारण अजून बरीच खोकी राहिली होती. रोस्विता त्या दिवशी लवकर घरी गेली.

लोटारचा फोन नंबर तिच्याकडे होता. शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा झाला तेव्हा सगळ्यांच्या पत्त्यांची यादी छापली होती. तो आला नव्हता, पण नंबर कुणीतरी दिला होता. तिनं रविवारपर्यंत वाट पाहिली. दुपारी साडेतीनला, सगळे कॉफीला बसतात तेव्हा, तिनं फोन लावला. आधी एका बाईचा आवाज आला, मग हाक, मग पावलं.

"वायगेल्ट."

"लोटार, मी रोस्विता लाइपोल्ड. वेधशाळेतली."

"रोसी? अगं, कोण गेलं?"

"कुणी नाही."

"गावाकडून फोन आला की कुणीतरी गेलेलंच असतं. बोल, बोल. आवाज तोच आहे तुझा."

तिनं सगळं कागदावर लिहून ठेवलं होतं, पण कागद पाहिला नाही. "मी ती काच पुसली, लोटार. अकरा फेब्रुवारीची. बाणाखाली तारा आहे. तुझी काच स्वच्छ होती. तुझी काहीच चूक नव्हती."

पलीकडे बशीवर चमचा ठेवल्याचा आवाज झाला.

"आहे ना तिथेच," लोटार म्हणाला. "माहीत आहे मला."

"माहीत आहे म्हणजे?"

"मी पुसली होती ती. फेब्रुवारीतच. शनिवारी दुपारी तू केस करून घ्यायला जायचीस आणि किल्ली खणात ठेवून जायचीस. साऱ्या वेधशाळेला ठाऊक होतं ते. पुसली, पाहिला, आणि बाण परत काढून ठेवला. म्हाताऱ्याला कळलंसुद्धा नाही. चांगला जमला होता, त्याच्यापेक्षा सरळ."

रोस्विता फोनशेजारच्या स्टुलावर बसली. "मग तू बोलला का नाहीस?"

"कुणाला बोलू? मी बोललो असतो तर म्हणाले असते, यानंच ठिपका काढला. तुझं तसं नव्हतं. तू म्हणाली असतीस की तारा आहे, तर त्सांगरच्या बापाला ऐकावं लागलं असतं. म्हणून तर म्हटलं तुला, पूस, काही होत नाही. मला माहीत होतं काही होत नाही ते."

"तू मला सांगायचंस तरी. पाहिलाय म्हणून."

"सांगितलं असतं तर तू माझ्या शब्दावर पुसली असतीस. मला बघायचं होतं, आपण होऊन पुसतेस का. पोरकटपणा होता गं. पण दोन महिने बसलो ना मी त्या बॉयलरपाशी. काचांच्या खोलीत जायला तोच जिना. रोज तुझी पावलं यायची आणि पुढे जायची. शेवटी म्हटलं, पुरे."

मागून बाईचा आवाज आला, केक कापू का म्हणून. "काप, काप, आलोच," तो म्हणाला, आणि मग फोनमध्ये, मायेनं, जसं कुणाही गाववाल्याशी बोलेल तसं, "बरं, तुझं कसं काय? कोण कोण असतं घरी?"

"मीच," रोस्विता म्हणाली.

"हं. तब्येत सांभाळ हो. केलास फोन, बरं वाटलं."

त्या रविवारी तिनं चारही गोळे तसेच पातेल्यात राहू दिले. सदतीस वर्षं तिला दोनच शक्यता भेडसावत होत्या, तारा असण्याची आणि नसण्याची. तारा बाजूलाच राहिला होता. लोटारला तारा कधी हवाच नव्हता. कुणीतरी आपल्यासाठी एक लहानसा नियम मोडावा एवढंच हवं होतं, आणि जिच्याकडून हवं होतं ती रोज त्याच्या दारावरून काचा सांभाळत गेली होती. तिला पहिल्यांदा मोठ्यानं रडू आलं, आणि घरात कुणी नसल्यामुळे ते आवरायचंही कारण नव्हतं.

सोमवारी आठ वाजता ती टेकडीवर होती. सदुसष्टची नोंदवही तिनं फळीवरून काढली आणि ते पान उघडलं. "लाइपोल्डबाई, वह्यांमध्ये नवं काही लिहायचं नाही हं," योर्डिस संगणकामागून म्हणाली, "त्या जशाच्या तशा जतन करायच्यात." रोस्वितानं हो म्हटलं, आणि बोरू उचलला. डॉक्टर त्सांगरांच्या ओळीखाली बोटभर जागा होती. पापण्या काढणाऱ्या बाईच्या पोरीला तेवढी पुष्कळ झाली. तिनं हिरव्या शाईनं लिहिलं: दोन्ही काचा निर्दोष. तारा दोन्हींवर आहे. निरीक्षक वायगेल्ट यांचं काम चोख. हे त्याच महिन्यात पाहता आलं असतं. मी पाहिलं नाही.

खाली तिनं पूर्ण नावानं सही केली आणि आजची तारीख घातली. मग वही फळीवर ठेवून तिनं पुढचं खोकं ओढलं.